सगळे पॉइंट एकाच फांदीत

१२ जुलै

प्रिय आई,

नमस्कार. रोजच्या फोनवर औषधांपलीकडे बोलणं जात नाही, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम एवढं मोठं काढतेय. स्क्रीन अजिबात बघायचा नाही, पण कागदावरचं ठळक अक्षर भिंगातून थोडं थोडं वाचलं तर हरकत नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाल्याचं तुम्ही सांगितलंत, म्हणून हा जाड मार्कर आणला. एका पानावर जेमतेम आठदहा ओळी मावतात, तेव्हा पाकीट बघून घाबरू नका. दमलात की बाजूला ठेवा. तातडीचं यात काही नाही.

माझं बरं चाललंय. कारखान्यात आमची सुपरवायझर सोडून गेली आणि दुसरी येईपर्यंत "तूच बघ" असं साहेबांनी सांगितलं. त्यामुळे निम्मा वेळ उजेडाच्या काचेसमोर बसून, पट्ट्यावरून सरकणाऱ्या औषधाच्या बाटल्यांमध्ये चीर आणि बुडबुडे शोधायचे. उरलेला निम्मा वेळ उठून बाकीच्या बायकांच्या सुट्ट्या, भांडणं, मोडक्या खुर्च्या निस्तरायच्या. घरी येऊन डोळे मिटले तरी बाटल्या सरकतच असतात. तुमच्यापुढे मी डोळ्यांची तक्रार करतेय, काय म्हणाल मला!

आता आपल्या ऑनलाइन खेळाचं. तुम्ही येत नाही तेव्हापासून टोळीत दम राहिलेला नाही. क्रेनवाला बंदरावरून सुटला की रोज संध्याकाळी ढाल घेऊन पुढे उभा राहतो, दातवाला डॉक्टर मागून बाण सोडतो, आणि मी मध्ये. कोणाला लागलं तर बरं करणारं कोणी नाही, म्हणून आम्ही आपले लहानसहान गुहांमधून फिरतो आणि तिथूनही मार खाऊन येतो. परवा क्रेनवाला मरता मरता म्हणाला, "आजी असत्या तर आत्तापर्यंत 'थांबा, जोडते' म्हणाल्या असत्या." टेलिफोन एक्सचेंजमधली तुमची सवय आता सगळ्यांच्या तोंडी बसलीय.

त्याला अजून वाटतं की आपण सख्ख्या मायलेकी आहोत. दातवाल्याला मात्र मी मागे खरं सांगून टाकलं होतं, की या माझ्या सासूबाई होत्या आणि दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मग तुम्ही दोघी अजून एकत्र कशा खेळता?" मी म्हटलं, घटस्फोट त्यांच्या मुलाशी झालाय, त्यांच्याशी नाही.

त्यात खेळात मोठा बदल आला आहे. खेळातली माझी वॉर्डन तुम्हाला माहीतच आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात कंदील. तलवारीनं मारायचं, कंदिलानं जखमा भरायच्या. मिळालेले पॉइंट मी आजवर विद्यांच्या झाडावर निम्मे तलवारीच्या फांदीत आणि निम्मे कंदिलाच्या फांदीत टाकत आले. क्रेनवाला मला अर्धीमुर्धी म्हणायचा, पण निभत होतं, कारण मधोमध ती एक विद्या होती ना, शत्रूवर वार केला की शेजारच्या सोबत्याची जखम आपोआप थोडी भरायची? माझा सगळा खेळ त्या एकीवर उभा होता. तीच काढून टाकली. आता दोन्ही फांद्यांची खरी ताकद अगदी शेंड्याला नेऊन ठेवलीय आणि तिथे पोचायचं तर जवळजवळ सगळे पॉइंट एकाच फांदीत टाकावे लागतात. निम्मे निम्मे टाकले तर ना धड मारता येत, ना धड वाचवता येत. सगळ्यांचे पॉइंट परत दिलेत आणि एकदा ठरवलं की पुढच्या मोठ्या बदलापर्यंत ते फिरवता येणार नाही.

टोळीचं म्हणणं सरळ आहे. कंदील घे, सगळ्यांना बरं करणारी हीलर हो, आजींची जागा भरून काढ. दातवाल्यानं तर कुठले पॉइंट कुठे टाकायचे त्याचं चित्रसुद्धा काढून पाठवलं. मी "बघते" म्हटलं आणि पॉइंट तसेच ठेवलेत. म्हटलं, आधी आईंना विचारू. तुम्ही थोड्या दिवसांत परत येणारच असाल, तर एका टोळीत दोन हीलर घेऊन काय करायचं?

तुमच्या मुलाचा फोन आला होता. तुमच्या ऑपरेशनबद्दल बोलला. बाकी असंच.

काळजी घ्या. हे पत्र पोचेपर्यंत डोळ्यावरची पट्टी निघालेली असेल. उत्तर लिहायची घाई करू नका, पण लिहा.

तुमची,
अर्धीमुर्धी


३० जुलै

प्रिय आई,

तुमचं पत्र मिळालं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, तरी सगळं लागलं. एकच शब्द कळत नव्हता, तो कारखान्यातल्या तिघींना दाखवला. तिसरी म्हणाली, "अगं, 'खुळी' लिहिलंय. तुला म्हटलंय."

तुम्ही लिहिलंत, "डावा डोळा गेला. उजव्यानं समोरचं दिसत नाही, कडेकडेनं दिसतं. यात आता सुधारणा नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा खुळी, माझी वाट बघत बसू नकोस. हीलर हो आणि मोकळी हो."

आई, हे मला आधीच माहीत होतं. तुमच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, आणि तुम्हाला स्वतःहून सांगायचंय तोवर माहीत नसल्यासारखं वाग, असंही सांगितलं होतं. म्हणून मागच्या पत्रात तुम्ही परत येणारच असाल तर काय करायचं, असं मी विचारलं. तो प्रश्न लिहिताना मार्कर दोनदा खाली ठेवला होता.

तुम्ही एवढं लिहिलंत, तर मीही उरलेलं लिहिते. "बाकी असंच" म्हणून मी जे उरकलं, ते असंच नव्हतं.

डोळ्यांचं सांगून झाल्यावर तो गप्प झाला. तो असा गप्प झाला की पुढे काहीतरी असतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. मग म्हणाला, "मी लग्न करतोय."

मी म्हटलं, "छान झालं." मनापासून म्हटलं, आई. ती केस कापायचं दुकान चालवते, शांत आहे, असं त्यानं सांगितलं. तेही छान.

तो पुढे म्हणाला, "ती आता घरी राहायला येणार. आईचं सगळं तीच बघेल. आणि तू रोज आईला फोन करतेस, तिच्या गोळ्या विचारतेस, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते तू ठरवतेस. या बाईनं घरात कुठे उभं राहायचं मग? आता आईला सोड."

मी "विचार करते" म्हटलं आणि फोन ठेवला. टोळीलाही मी तेच सांगत असते.

रागानं मी पेटून उठायला हवं होतं. पण खरं सांगू का? फोन ठेवल्यावर आधी हायसं वाटलं. अंगावरचं एक ओझं कोणीतरी न मागता उतरवून घेतल्यासारखं. भांडी घासता घासता ते लक्षात आलं आणि नळ तसाच चालू ठेवून मी तिथेच उभी राहिले. ज्या बाईनं मला तिच्या मुलाविरुद्धसुद्धा पाठीशी घातलं, तिला सोड म्हटल्यावर मला हायसं वाटावं? मग दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला दोनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, "सकाळीच तर बोललो की." आठवतंय?

मी दमलेय, आई. कोणावर चिडून नाही, नुसतीच दमलेय.

टोळीच्या आग्रहाखातर एका संध्याकाळी सरावाच्या मैदानात सगळे पॉइंट कंदिलाच्या फांदीत टाकून पाहिले. तिथे टाकलेले मोडता येतात. तेव्हा कळलं तुम्ही काय करत होतात ते. हीलरला लढाई दिसतच नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात पट्ट्या असतात, प्रत्येकाच्या जिवाची एक, आणि त्या कमी होताना बघत राहायचं. कोणाची पट्टी किती उरली, आधी कोणाला वाचवू, आता कोणाला. समोर एवढा राक्षस आग ओकत होता आणि त्याला शेपटी आहे की नाही, हे मी सांगू शकले नसते. तुम्ही इतकी वर्षं खेळलात. तुम्ही तरी कधी राक्षस नीट बघितलात का?

मला तर वाटलं, कारखान्यातली पाळी संपवून आले आणि परत काचेसमोर बसले. बाटल्यांऐवजी पट्ट्या, नजर तीच. क्रेनवाला माझ्या हातून मेला. मेल्यावर म्हणाला, "असू दे, सवय होईल." त्यानं ते धीर द्यायला म्हटलं आणि मला रडू फुटलं. माइक बंद होता हे नशीब.

तेव्हा हीलर हो असं तुम्ही लिहिलंत तरी माझा हात पुढे जात नाही. तलवार घ्यावी म्हटलं तर वाटतं, सगळ्यांना गरज असताना ही आपली तलवार घेऊन बसली.

मुलाला या पत्राबद्दल काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुम्हाला सोडायचं ठरवलेलं नाही. पण रोज फोन करायची ताकदही आता खरंच उरलेली नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं, ते मला कळत नाही.

औषध वेळेवर घाला. बघा, परत सुरू झाले मी.

तुमची,
खुळी


२० ऑगस्ट

प्रिय आई,

आता भिंगातूनही अक्षर लागत नाही, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणजे हे पत्र तुमची होणारी सून तुम्हाला वाचून दाखवणार. हे माहीत असून लिहितेय. म्हणून अक्षरही नेहमीच्या आकाराचं आहे आणि मार्कर ड्रॉवरमध्ये टाकलाय.

तुम्ही "रविवारी ये, तीही घरी असेल, त्याला मी बघते" म्हणालात, तेव्हा मला वाटलं आता घरात तमाशा होणार. येताना बसमध्ये मी तीन वेगवेगळी भाषणं तयार केली होती. दार उघडलं तिनं. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तुम्ही आतून ओरडलात, "दार उघडं ठेवून गप्पा नकोत, माशा येतात." आम्ही गप्पा मारतच नव्हतो, पण त्यामुळे आत यायला सोपं गेलं.

तुमचे केस तिनं कापलेत ना? छान दिसतात. मानेवरून असे आखूड केस तुम्हाला शोभतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या कानाकडे बघत होतात. आधी मला वाटलं, मागे कोणी उभं आहे. मग कळलं, कडेच्या नजरेत मला धरायला तुम्ही मान वळवली होती. तेवढं कळल्यावर मी खुर्ची सरकवली. तुमच्या लक्षात आलं असेलच.

तुम्ही विचारलंत, "मग, कुठली फांदी?"

"अजून नाही ठरवलं."

"मी हीलर हो म्हटलं ते सोडून दे. मला वाटलं, माझ्यासाठी अडून बसलीस. पत्र वाचलं तेव्हा कळलं की तसं नाही." मग म्हणालात, "मला ते आवडायचं गं. एक्सचेंजमध्ये जन्मभर लोकांच्या तारा जोडल्या. कोण ओरडतंय, कोणाला घाई आहे, आधी कोणाला जोडू, यात मला मजा यायची. राक्षस गेला खड्ड्यात. तुला आवडतं का?"

"नाही," मी म्हटलं. एवढा छोटा शब्द, पण म्हणायला किती वेळ लागला.

"मग कशाला? तलवारीनं काय होतं?"

"समोरचा मरतो."

"लवकर?"

"सगळे पॉइंट टाकले तर खूपच लवकर."

"मग ते कर की. लढाई लवकर संपली, तर आपल्या माणसांना लागेलही कमी." आणि वर म्हणालात, "आणि मला रोज फोन करू नकोस. जमेल तेव्हा कर. रोज काय सांगायचं हा प्रश्न मलाही पडतो."

मी इतकी हसले की ती स्वयंपाकघरातून बघायला आली.

निघताना ती जिन्यापर्यंत सोडायला आली होती. तिथे काय बोलणं झालं, ते तुम्हाला ऐकू गेलं नसणार. ती आत्ता इथपर्यंत वाचून थांबली असेल. थांबू नका, वाचा पुढे. तुम्ही चांगलंच बोललात.

ती म्हणाली, "तुम्हाला फोन करायला मी त्याला सांगितलं नव्हतं. पण त्यानं केला, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "मलाही थोडं बरं वाटलं होतं." तिला ते कळलं की नाही माहीत नाही. तिनं मान हलवली.

"येत जा तुम्ही," ती म्हणाली. "त्या तुमचं नाव काढून दिवसातून चारदा बोलतात, नाही आलात तर मलाच ऐकावं लागेल. फक्त आधी कळवून येत जा. दार उघडल्यावर एकदम तुम्ही दिसलात की कसला चेहरा करावा, ते मला सुचत नाही."

"मलाही नाही सुचलं," मी म्हटलं. मग ती वर गेली आणि मी खाली आले. बसमध्ये जागा मिळाली, तरी भाषणं वाया गेल्याचं थोडं वाईट वाटत होतं.

घरी आले आणि सगळे पॉइंट तलवारीच्या फांदीत टाकले. एकेक करून, शेंड्यापर्यंत. मग टोळीला सांगितलं. दातवाल्यानं विचारलं, "आणि आपल्याला बरं कोण करणार?" मी म्हटलं, "शोधू या. मी नाही करणार." क्रेनवाला म्हणाला, "चला, निदान आता कोणीतरी जोरात मारेल."

कारखान्यात मात्र अजून दोन्ही करतेच आहे. तिथे कोणी पॉइंट परत देत नाही. साहेबांना विचारलं, नवी सुपरवायझर कधी येणार? म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक!

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं आणि इतकी पानं टाळलं, ते सांगते. आपल्याला हीलर मिळाला. तुमच्या जागी. कोणीतरी अनोळखी आहे. माइकवर बोलत नाही, फक्त लिहितो, तेही अगदी मोजकं. घ्यायचा का नाही यावर आम्ही मतं घेतली आणि मी "हो" म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, आणि ते मला ऐकवलं नसतं.

काल त्याच्यासोबत आम्ही त्या बुडालेल्या देवळात उतरलो, जिथून तुमच्या वेळी आपण तीनदा परत आलो होतो. मी पुढे होते. पहिल्यांदाच मी राक्षस नीट बघितला, आई. त्याला शेपटी आहे. पाठीवर शेवाळ आहे, आणि तो वार करण्याआधी डावीकडे झुकतो. मी त्याला मारत सुटले. मागे कोणाचं काय होतंय, हे एकदाही वळून पाहिलं नाही. आणि त्या माणसानं मला मरू दिलं नाही. प्रत्येक वेळी पट्टी तळाला गेली की तो ती भरून काढायचा. राक्षस पडला, सगळे नाचायला लागले, दातवाला शिट्ट्या मारत होता, आणि मला त्या भल्या माणसाचा इतका राग आला की हेडफोन काढून मी खिडकीत जाऊन उभी राहिले. खालच्या दुकानाचं शटर कोणीतरी ओढत होतं. ते पूर्ण खाली येईपर्यंत बघत राहिले. मग परत येऊन त्याला लिहिलं, "आभारी आहे. चांगलं सांभाळलंत." त्यानं लिहिलं, "तुमच्या आधीच्या हीलर फार चांगल्या होत्या, असं ऐकलंय."

मी लिहिलं, "हो. होत्या."

पुढच्या रविवारी येतेय. येण्याआधी तिला फोन करेन.

आणि आता हे तुमच्यासाठी नाही, वाचून दाखवणाऱ्या बाईंसाठी आहे. वाचताना त्यांच्या उजव्या बाजूला बसा. एक्सचेंजमध्ये इतकी वर्षं डाव्या कानाला हेडफोन लावून बसल्यामुळे त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्या हे कोणाला सांगत नाहीत. हो हो म्हणतात आणि निम्मं सोडून देतात. आई, रागावू नका. हे मला एकटीला माहीत असून आता चालायचं नाही.

तुमचीच,
मी